मुठीची पकड आणि रक्तातील साखर : नाशिकमधील एका लहान प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून नोंदवही सुरू केली. प्रश्न एकच धरला आहे: स्नायूंची ताकद आणि मधुमेह होण्याची शक्यता यांचा संबंध कितपत आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्या आपल्या भागातील माणसांना त्याचा काही उपयोग करून देता येईल का. मी सतरा वर्षे नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. गुडघा, खांदा, कंबर अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांच्या फायलीत ‘शुगर बॉर्डरवर’ हा शेरा इतक्या वेळा आढळतो, की आम्हीही तो वाचून पान उलटतो. त्यानंतर रुग्णाला मिळणारा सल्ला बहुधा एका ओळीत मावतो: गोड बंद करा आणि चालायला लागा. सल्ला योग्यच आहे. परंतु तुमची ताकद किती आहे, हे त्या माणसाला कोणी विचारत नाही. आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर ठेवून घेण्याची शरीरातील सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू, हे तर त्याच्या कानावरही पडलेले नसते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडिॲब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक पूर्वमधुमेहाच्या टप्प्यावर आहेत, असा तो अंदाज आहे. आमचा प्रकल्प या दुसऱ्या गटाकडे पाहणारा आहे. सिडकोतील चोवीस आणि दिंडोरी तालुक्यातील एका वस्तीवरील बारा, असे एकूण छत्तीस जण. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी मिळाली, मराठी संमतिपत्रे छापून झाली. सहभागींची नावे या वहीत येणार नाहीत. सिडकोसाठी ‘स’ आणि वस्तीसाठी ‘व’ अशी अक्षरे व पुढे क्रमांक. इतक्या थोड्या माणसांवरून कोणतीही टक्केवारी काढायची नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

९ जानेवारी

पकड मोजण्याचे उपकरण, म्हणजे हँड डायनामोमीटर, आले. वापरण्याआधी त्याच्या मुठीला पट्टा अडकवून ५, १० आणि २० किलोची प्रमाणित वजने टांगून पाहिली. प्रत्येक वेळी काटा सुमारे दोन किलो जास्त दाखवत होता. विक्रेत्याला फोन केला तेव्हा ‘दोन किलोंनी काय फरक पडतो’ असे उत्तर मिळाले. स्त्रियांच्या बाबतीत दुर्बल आणि सबल यांच्यातील रेषा अठरा किलोंवर आखलेली असताना दोन किलोंनी माणूस रेषेच्या अलीकडचा पलीकडे जातो, हे समजावून सांगावे लागले. उपकरण बदलून मिळेपर्यंत सहकारी भौतिकोपचार विभागातील जुने, तपासलेले उपकरण वापरायचे ठरले.

१३ जानेवारी, सोमवार

पहिली मोजणी. पद्धत सर्वांसाठी तीच ठेवली आहे: पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसायचे, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट सरळ, मूठ दुसऱ्या खाचेवर, प्रत्येक हाताने तीन वेळा पूर्ण जोर लावायचा आणि मध्ये विश्रांती घ्यायची. दाबताना श्वास रोखायचा नाही, कारण श्वास कोंडून जोर केल्यास रक्तदाब एकदम चढतो.

सकाळी एक चूक झाली. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे लेथवर काढलेले एक काका आले होते. त्यांच्या पंजासाठी मूठ तिसऱ्या खाचेवर नेली, आणि नंतर ती परत आणायची राहून गेली. पुढच्या सात स्त्रियांची मोजणी रुंद मुठीवर झाली. लहान हाताला रुंद मूठ दाबताना बोटे अर्धी उघडीच राहतात आणि जोर पोहोचत नाही. दुपारी आकडे पाहताना सगळ्याच स्त्रिया एकाएकी अशक्त कशा झाल्या, असा प्रश्न पडला तेव्हा ही गोष्ट लक्षात आली. ते सातही आकडे खोडले असून त्यांना गुरुवारी पुन्हा बोलावले आहे. सहायिकेची चूक नाही. तपासून पाहणे माझे काम होते.

तुलनेसाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या मर्यादा घेतल्या आहेत: पुरुषांत २८ किलोंपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी पकड ही कमी ताकद. हाताचा आकडा हा सबंध शरीराच्या ताकदीचा अंदाज असतो. डॉक्टर नाडी पाहतात ती मनगटाची काळजी म्हणून नव्हे, तसाच हा प्रकार आहे.

२० जानेवारी

सायंकाळी सहभागींची पहिली बैठक झाली. ‘ताई, साखरेचा आणि दंडाचा काय संबंध?’ हा प्रश्न स-११ या काकूंनी विचारला आणि त्यावरच तासभर गेला. जे सांगितले ते येथे नीट लिहून ठेवते, कारण पुढे हेच पुन्हा सांगावे लागणार आहे.

जेवणानंतर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि इन्सुलिनच्या सांगण्यावरून पेशी साखर आत घेतात. प्रयोगशाळेत शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन रक्तातील साखर एका पातळीवर धरून ठेवतात तेव्हा आत घेतल्या जाणाऱ्या साखरेपैकी सुमारे ८० टक्के साखर स्नायूंकडे जाते. ती तेथे ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. यकृतात साधारण शंभर ग्रॅमचा साठा मावतो, स्नायूंत मिळून त्याच्या तिप्पट-चौपट. यकृत आपला साठा गरजेनुसार रक्तात परत सोडते. स्नायूकडे मात्र ती व्यवस्था नाही. त्याने घेतलेली साखर त्यालाच कामात वापरून संपवावी लागते. म्हणून दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाच्या स्नायूंची कोठारे भरलेलीच राहतात, आणि दारात आलेल्या नव्या मालाला जागा नसते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. साखर आत नेणारी ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आत दडून असतात. इन्सुलिनचा निरोप मिळाला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात. इन्सुलिनरोध झालेल्या माणसात हा निरोप नीट पोहोचत नाही. परंतु स्नायू आकुंचन पावतो तेव्हा हीच प्रथिने इन्सुलिनच्या निरोपाशिवाय, वेगळ्या मार्गाने वर येतात, आणि मधुमेह झालेल्या माणसातही हा दुसरा मार्ग बऱ्याच अंशी चालू राहतो. व्यायामाच्या एका बैठकीनंतर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही पुढील एक-दोन दिवस सुधारलेला असतो; म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये असे सांगितले जाते.

काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘म्हणजे पुढचं दार अडकलं तरी परसदार उघडं आहे.’ हा शब्द मी यापुढे वापरणार आहे.

२७ जानेवारी

दिंडोरीच्या वस्तीवर दिवसभर. द्राक्षांची काढणी जोरात आहे, त्यामुळे मोजणी बागेच्या कडेला, क्रेटच्या थप्पीशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून करावी लागली. या बायका पेठ-सुरगाण्याकडून कामाला येतात. छाटणी, विरळणी, काढणी अशी कामे महिनोन्‌महिने चालतात, आणि त्यांतील बरीचशी मांडवाखाली हात डोक्याच्या वर धरून, कात्रीने. व-३ हिच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला कात्रीच्या कड्यांनी घट्टे पडले आहेत. डायनामोमीटरची मूठ बरोबर त्या दोन घट्ट्यांमध्ये जाऊन बसली. वजन ४१ किलो, पकड २४ किलो. सिडकोत तिच्यापेक्षा वीस किलोंनी जड असलेल्या बायकांनाही हा आकडा गाठता आलेला नाही.

येथून परतताना ‘कष्टकऱ्यांना कुठला आला मधुमेह’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु व-९ हिची पकड २५ किलो, वजन ४६ किलो, आणि उपाशीपोटीची साखर ११४ आली. तिच्या आईला मधुमेह होता. शंभर ते एकशे पंचवीस हा पूर्वमधुमेहाचा पट्टा आहे. ताकद असूनही ती त्या पट्ट्यात आहे. तिला वेगळे बसवून सांगितले, आणि आरोग्यकेंद्रात पुढील तपासणीची चिठ्ठी दिली. तिचा पहिला प्रश्न रोज बुडेल का, हा होता.

वस्तीवरील बायकांसाठी केवळ एचबीए१सी या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर विसंबायचे नाही, असे आधीच ठरवले होते. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि येथे अनेकींच्या पापण्यांच्या आतली बाजू फिकट दिसते. म्हणून उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिन दोन्ही.

३ फेब्रुवारी

ही नोंद लिहायला चार दिवस लागले, कारण मधल्या काळात माझीच खात्री डळमळली होती.

पकड आणि आरोग्य यांविषयीची एक फार मोठी पाहणी म्हणजे ‘प्युअर’. भारतासह १७ देश, सुमारे १ लाख ४० हजार माणसे, निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये. पकड पाच किलोंनी कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, हृदयविकार आणि पक्षाघाताचाही जास्त, असे त्यात आढळले. हा भाग सर्वत्र सांगितला जातो. मात्र त्याच पाहणीत पकड आणि नव्याने होणारा मधुमेह यांच्यात ठोस संबंध आढळला नाही, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. मीही तो आजवर सांगितला नव्हता.

दुसरीकडे अमेरिकेतील डॅलस येथील दीर्घ पाहणीवर आधारलेला २०१९ चा अभ्यास आहे. त्यात ४,६८१ माणसांची ताकद पायाने आणि छातीने वजन ढकलायला लावून मोजली होती आणि ती वय व शरीराचे वजन लक्षात घेऊन तीन गटांत विभागली होती. सर्वांत कमी ताकदीच्या गटाच्या तुलनेत मधल्या गटात मधुमेहाचा धोका ३२ टक्क्यांनी कमी निघाला, आणि दमश्वासाची, म्हणजे हृदय-फुप्फुसांची, क्षमता हिशेबात धरल्यावरही तो फरक राहिला. सर्वांत ताकदवान गटात मात्र तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. त्याच वर्षी अशा अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ताकदीच्या प्रत्येक ठरावीक टप्प्यामागे धोका सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळला. मग एवढ्या मोठ्या ‘प्युअर’मध्ये तो का दिसू नये?

माझ्या मते उत्तराचा एक भाग भागाकारात आहे. स-४ आणि स-२१ या दोघींची पकड नेमकी सारखी, २६ किलो. पहिलीचे वजन ५२, दुसरीचे ८४. पहिलीच्या बाबतीत पकड वजनाच्या निम्मी, दुसरीच्या बाबतीत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. जड माणसाची पकड नुसत्या किलोंत चांगली दिसते, आणि मधुमेहाचा धोकाही जड माणसालाच अधिक असतो. त्यामुळे दोन गोष्टी एकमेकींना पुसून टाकतात. वजनाने भागले की चित्र बदलते. आजपासून प्रत्येक नोंदीत किलोंशेजारी हा भागाकारही लिहायचा.

उत्तराचा दुसरा भाग स-१४ या काकांनी दाखवला. पंधरवड्यापूर्वी ते मोजणीसाठी आले आणि त्यांनी नमस्कार केला. दोन्ही तळवे जुळले, पण बोटे जुळली नाहीत. करंगळ्यांमधून पलीकडचा प्रकाश दिसत होता. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या हातांची त्वचा आणि सांध्याभोवतीच्या ऊती ताठ होतात, आणि नमस्कारात राहणारी ही फट ही त्याची ओळखीची खूण आहे. त्यांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली आहेत. त्यांची पकड १९ किलो. आता ताकद कमी म्हणून मधुमेह झाला, की मधुमेहाने हात ताठरला म्हणून पकड कमी झाली? साखर नसांना इजा करते, सांधे आखडवते, स्नायूही झिजवते. बाण दोन्ही दिशांना आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांचे आकडे या प्रकल्पात वेगळ्या पानावर ठेवायचे, हा निर्णय आज घेतला. तो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता.

१० फेब्रुवारी

स-६. निवृत्त बँक कर्मचारी, वय ६१, वजन ५९ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २१.८. अठरा वर्षे रोज पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर तासभर चालतात. तब्येत सडपातळ, त्यामुळे घरच्यांना त्यांची काळजी कधी वाटली नाही. एचबीए१सी ६.२, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या पट्ट्यात, कंबर ९१ सेंटिमीटर, पकड २२ किलो. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्यास पंधरा सेकंद लागले. बारा किंवा त्याहून अधिक सेकंद लागणे हे कमी क्षमतेचे लक्षण मानतात.

त्यांना मी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण सांगितले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हाही तेच आढळले होते: सरासरी वजन २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो, बाळे हडकुळी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे काट्यावर बारीक आणि आतून स्थूल अशी ही शरीररचना आपल्याकडे जन्मापासूनच सुरू होते. स-६ यांनी सगळे ऐकले आणि हळूच विचारले, ‘मग मी इतकी वर्षे चाललो ते फुकट गेले का?’

फुकट मुळीच गेले नाही, आणि हे मी त्यांना दोनदा सांगितले. हृदय, रक्तदाब, मन यांना त्याचा फायदा झालाच, आणि ते चालले नसते तर साखर कदाचित दहा वर्षे आधीच वाढली असती. परंतु चालणे मांडीच्या स्नायूला इतक्या वर्षांत नवे काही करायला सांगत नाही. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे प्रमाण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि ताकद त्याहून वेगाने उतरते. त्या घटीला थोपवण्यासाठी भार लागतो. अमेरिकेतील ‘स्ट्राँग-डी’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुद्दाम बीएमआय पंचविसाखालील मधुमेही घेतले होते, आणि नऊ महिन्यांनी नुसत्या दमश्वासाच्या व्यायामापेक्षा ताकदीच्या व्यायामाने त्यांची साखर अधिक सुधारली. स-६ यांच्यासारख्या माणसासाठी हाच सगळ्यात जवळचा पुरावा आहे.

१७ फेब्रुवारी

सिडकोतील चोवीस जणांचा व्यायामाचा वर्ग सुरू झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सायंकाळी सहा ते पावणेसात. डंबेल-यंत्रांचा खर्च टाळला. खुर्ची, रबरी पट्टे, भिंत आणि पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या एवढेच साहित्य.

मुख्य व्यायाम खुर्चीतून उठबस. मांड्या आणि नितंब हे शरीरातील सर्वांत मोठे स्नायू असल्यामुळे साखरेच्या दृष्टीने हातापेक्षा पायाला काम देणे अधिक फायद्याचे आहे. पकड मोजतो म्हणून पकडीचाच चेंडू दाबत बसण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी चार जण बाजारातून तसले चेंडू घेऊन आले होते. काकांपैकी दोघे तरुणपणी जुन्या नाशकातील तालमीत जात असत. त्यांना हा प्रकार खुर्ची लावलेल्या बैठका आहेत असे सांगताच ते ताठ बसले, आणि भिंतीवरच्या जोरांची जबाबदारी त्यांनी आपण होऊन घेतली.

भार वाढवण्याचा नियम: दहा-बारा वेळा उठबस केल्यावर आणखी पाच सहज जमत असतील तर पुढच्या वेळी हातात बाटल्या घ्यायच्या, मग खुर्चीची उंची कमी करायची. शेवटच्या दोन आवर्तनांना कष्ट पडायला हवेत.

५ मार्च

सुरक्षिततेच्या काही नोंदी. स-१७ यांचे रोजे सुरू आहेत आणि त्या ग्लिमेपिराइड घेतात. या गोळीने साखर खाली उतरू शकते, म्हणून इफ्तारच्या तोंडावर त्यांना व्यायाम द्यायचा नाही. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली असून त्या आता रात्री घरीच करतात. केवळ मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर असलेल्यांना हा धोका फारसा नाही. मात्र मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असण्याची शक्यता असते. तळपायांना मुंग्या येतात, अशी तक्रार करणाऱ्या तिघांना ही तपासणी सुचवली. स-१४ यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढल्याचे निदान झाल्यामुळे त्यांना जड भार पूर्ण बंद, फक्त पट्टे आणि संथ उठबस.

आहाराचा प्रश्न रोज निघतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. स-११ काकूंचे दिवसभराचे जेवण लिहून काढले तर सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, भात आणि पातळ वरण, रात्री खिचडी. त्यात एक वाटी मोड आलेले मूग किंवा मटकी, ताक आणि थोडे घट्ट वरण एवढीच भर सुचवली.

१९ मार्च

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जुने हौद, उघडल्या आहेत. वर्गाला तिघे आले. वर्ग घेतला.

७ एप्रिल

ऊन वाढले, वेळ साडेसातवर नेली. चोविसांपैकी एकोणीस टिकून आहेत. गळालेल्या पाचांपैकी दोघींना गुडघेदुखीमुळे सोडावे लागले, आणि याचे मला वाईट वाटते, कारण त्यांना खुर्चीवर आणखी एक उशी ठेवून उंची वाढवून द्यायला मी उशीर केला. दोघींकडे घरी जाऊन आले. एक परत येते आहे.

२१ एप्रिल

नऊ आठवड्यांनंतरची मोजणी. एकोणीसपैकी बहुतेकांची उठबस जलद झाली आहे. स-६ पंधरा सेकंदांवरून बाराच्या आत आले. याचा आनंद वर्गात सर्वांना झाला, पण त्यांना हेही सांगितले की पहिल्या काही आठवड्यांतील वाढ मुख्यतः मज्जासंस्थेमुळे असते: मेंदू आहेत तेच स्नायूतंतू अधिक संख्येने आणि अधिक मेळाने कामाला लावायला शिकतो. नवा स्नायू तयार व्हायला महिने लागतात. पकडीत फारसा फरक नाही, आणि तो नसावा हेच बरोबर आहे. आपण पायांवर काम करत आहोत.

भारतीय मधुमेही रुग्णांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक लहान पण काळजीपूर्वक केलेला प्रयोग आहे. ३० रुग्ण, तीन महिने, देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवलेला ताकदीचा व्यायाम. त्यात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि साखर दोन्ही सुधारल्या. त्या मानाने आमचा भार सौम्य आहे. म्हणून तीन महिने पूर्ण होण्याआधी रक्त तपासायचे नाही. सगळ्यांना घाई आहे. लाल रक्तपेशींचे आयुष्य साधारण चार महिन्यांचे असते आणि एचबीए१सी त्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे आज घेतलेला आकडा काही अंशी जुन्याच दिवसांचा असेल.

१९ मे, सोमवार

अहवाल आले. स-६: एचबीए१सी ६.२ वरून ६.०, कंबर ८९, पकड २४, उठबस अकरा सेकंद. ०.२ चा फरक हा तपासणीतील नेहमीच्या चढउतारात बसणारा आहे, हे त्यांना अहवाल हातात देण्याआधीच सांगितले. स-१९ यांची एचबीए१सी ५.९ वरून ६.१ झाली, मुलीच्या लग्नामुळे त्यांचे सहा आठवडे गेले. स-११ काकूंच्या आकड्यात काहीच बदल नाही, मात्र वीस लिटरचा पाण्याचा जार त्या आता स्वतः उचलून ओट्यावर ठेवतात. स-१४ यांचे तळवे अजून जुळत नाहीत. बोटांच्या ताणाचे व्यायाम त्यांना वेगळे सुरू करून दिले.

दुपारी वस्तीवर जाऊन आले. खरड छाटणी आटोपल्यामुळे बायका भेटल्या. व-९ आरोग्यकेंद्रात जाऊन आली आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन केलेल्या तपासणीत दोन तासांनंतरची साखर १५२ आली, म्हणजे पूर्वमधुमेह पक्का. तिच्या बाबतीत ताकदीचा सल्ला देण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही. ती दिवसभर माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कष्ट करते. तिच्या ताटात काय असते हे बारकाईने विचारले. सकाळी कोरा चहा आणि बिस्किटे, दुपारी भात, रात्री भात. डाळ आठवड्यातून दोनदा. नागली (नाचणी) घरची आहे, पण ती विकली जाते. जून महिन्यात आहारतज्ज्ञ सहकारिणीला बरोबर घेऊन पुन्हा यायचे ठरले. रोज बुडू नये म्हणून रविवारी.

सिडकोचा वर्ग चालू ठेवायचा, भिंतीवरचे जोर आता ओट्यावर न्यायचे. डायनामोमीटर आज पुन्हा वजने टांगून तपासला, काटा बरोबर आहे. पुढील मोजणी १८ ऑगस्टला.